तीन वाफ्यांवरून अनवाणी

गवत कसं आहे हे बघायचं तर बागेचा मुकादम आधी चपला काढायचा. "डोळे फसतात, हात फसतात, तळपाय फसत नाही," असं म्हणायचा आणि या एका वाक्यावर त्याने तीस वर्षं माळ्यांचं जिणं हराम केलं. नवा माणूस कामाला लागला की त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्याला गवतावरून चालवायचं आणि कुठलं गवत ते ओळखायला लावायचं. चुकला की भर दुपारी तापलेल्या खडीवर उभा. "पाय आहेत की फरश्या?" हे वर. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, याच बागेत लागला तेव्हा त्यालाही खडी चुकली नाही. साडू तेव्हा हसला होता. मुकादमाला वाटलं, पोरगं खेळकर आहे.

मग मधुमेहाने मुकादमाचे तळपाय खाल्ले. एकदा अंघोळीला बसला तर बायको किंचाळली, "अहो, पाय काढा! पाण्यातून वाफा येतायत!" एकदा रस्त्यात चपलेचा अंगठा तुटला आणि हा शहाणा एका चपलेनिशी घरापर्यंत आला. डॉक्टरने डोळे मिटायला सांगून विचारलं, "आता लागतंय?" "लागतंय की," मुकादम म्हणाला. डॉक्टरने हातही लावला नव्हता.

"घरातलं घरात राहू दे," त्याने बायकोला बजावलं. तिने शब्द पाळला. फक्त बहिणीला सांगितलं.

बागेत सकाळी अनवाणी चालणाऱ्यांसाठी नवी हिरवळ करायची होती. उद्यान खात्याच्या मॅडमनी तीन जातींच्या गवताचे तीन वाफे लावून घेतले होते. मुकादम महिनाअखेर निवृत्त होणार होता. "तुमची निवड पटली तर ही हिरवळ दोन वर्षं तुमच्याच हाताखाली," मॅडम म्हणाल्या होत्या. नाहीतर मुकादमकी साडूकडे जायची आणि हा घरी बसायचा, बायकोने निवडायला दिलेली भाजी निवडत. मुकादमाला त्यापेक्षा मरण परवडलं असतं.

निवडीच्या दिवशी तो उजाडताच बागेत आला. कोणी नव्हतं. तळहात बघावे तर कात्री चालवून चालवून त्यांचं लाकूड झालेलं. शेवटी हा साठीचा माणूस पालथा पडला आणि त्याने गवताला गाल लावला. तिसऱ्या वाफ्यातली हरळी, दणकट पण खरबरीत. मधल्याचं गवत दिसायला गालिचा, पण पात्यांची टोकं ताठ, गालाला बोचणारी. पहिलं मात्र बारीक, गार, मऊ. मुकादमाला रडू आलं. त्याला अजून कळत होतं. तो उठला, धोतराला गाल पुसला आणि फार दिवसांनी त्याने पोटभर न्याहारी केली.

दहा वाजता सगळे जमले. मॅडम, साडू, आठ माळी. मुकादमाने ऐटीत चपला काढल्या, डोळे मिटले आणि तो पहिल्या वाफ्यावर चढला.

गवताचे तुकडे जमिनीला धरून राहावेत म्हणून कडेने तारेच्या पिना ठोकलेल्या असतात. त्यातली एक वर आली होती. ती कोणी मुद्दाम ठेवली नव्हती. पण मुकादमाच्या टाचेत ती शिरताना आधी पाहिली ती साडूने.

"लोणी!" मुकादम डोळे मिटूनच म्हणाला. "लोणी आहे नुसतं!"

मॅडमनी तोंडावर हात धरला. त्या पुढे झाल्या तसा साडू मध्ये आला. "थांबा मॅडम," हळूच म्हणाला आणि मग मोठ्याने, गोड आवाजात, "साडूभाऊ, एवढ्यात काय कळणार? जरा पुन्हा चालून दाखवा ना. टाच दाबून."

मुकादम टाच दाबून चालला. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. आठ माळ्यांतल्या एकाही लेकाने तोंड उघडलं नाही. खडी सगळ्यांनीच खाल्ली होती.

मुकादमाने डोळे उघडले तर गवतावर लाल ठिपके. तो भडकला.

"कोणाचा पाय कापलाय रे?" तो ओरडला. "आधी वाफ्यावरून खाली व्हा! घाण करताय नुसती! पाय आहेत की..."

वाफ्यावर त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. कोणीतरी आधी फिसकन हसलं आणि मग आठही जण हसले. मुकादमाने त्यांच्या नजरा कुठे आहेत ते पाहिलं आणि खाली बघितलं.

साडू गुडघ्यावर बसला, त्याने मुकादमाचा पाय मांडीवर घेतला आणि पिन ओढून काढली. मुकादम समोर बघत उभा होता. साडूने पिन त्याच्या डोळ्यांपुढे धरली तेव्हा त्याला कळलं की ती निघाली.

"कधीपासून असं आहे?" मॅडमनी विचारलं. आवाजात दया होती. तीच त्याला सोसवली नाही.

"मॅडम, पहिलाच वाफा घ्या," तो म्हणाला.

"मुकादम, तुम्ही आधी दवाखान्यात जा." मॅडम साडूकडे वळल्या. "तुमचं काय मत?"

"मधला," साडू म्हणाला. "बघा की, गालिचा आहे." मॅडमनी मधला वाफा लिहून घेतला.

"तो बोचतो हो," मुकादम म्हणाला. "देवाशपथ बोचतो. पहिलाच मऊ आहे."

खरंच तोच मऊ होता. एक माळी त्याच्या चपला घेऊन आला आणि त्याने मुकादमाला दंडाला धरून वाफ्यावरून खाली उतरवलं.