चार्ज दिल्याशिवाय

माझ्या आतोबांइतका नोकरीत मुरलेला माणूस सबंध नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि गंमत अशी की त्यांची स्वतःची नोकरी शेवटपर्यंत हंगामीच राहिली. लढाई सुरू झाली तेव्हा भिंगारच्या लष्करी डेपोत त्यांना खोगीरखान्यावर नेमलं. खेचरांची खोगीरं, लगाम, पट्टे, सगळं त्यांच्या ताब्यात. त्याआधी ते नगरच्या टांगेवाल्यांचं चामडी सामान शिवून देत आणि चारचौघांसारखं बोलत. डेपोत गेले आणि तिथली भाषा त्यांना जी चिकटली ती घरातल्या भांड्याकुंड्यांपर्यंत पोचली.

मी तेव्हा अकोल्याहून येऊन नगरच्या मुलींच्या शाळेत नव्यानेच शिकवायला लागले होते आणि आत्याकडे राहत होते. पहिल्याच संध्याकाळी आतोबांनी घरातल्या मंडळींची प्रतवारी मला समजावून दिली. आत्या कायम. मी हंगामी. मांजर रोजंदारीवर, म्हणजे उंदीर दाखवला तरच दूध. जावई मात्र लग्नाला तीन वर्षं होऊनही उमेदवारीवरच होता, कारण सासऱ्याच्या आधी ताटावर बसायची त्याची सवय अजून सुटली नव्हती. कोंबडा उशिरा आरवू लागला तेव्हा त्याला आतोबांनी तोंडी ताकीद दिली, मग महिन्याची नोटीस दिली आणि मुदत संपल्या दिवशी बडतर्फ केला. रस्सा फार छान झाला होता. एका रविवारी अंग मोडून आलं तर त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना निरोप धाडला की आज किरकोळ रजेवर आहे, उपासना माझ्यावाचून चालवावी. आत्याने एकदा चिडून चुलीचा राजीनामा दिला, तर हे शांतपणे म्हणाले की राजीनामा मंजूर होईपर्यंत कामावर हजर राहावं लागतं, आणि भाकरीची वाट बघत बसले. आत्याने त्या दिवशी भाकरी केली, पण मीठ रजेवर होतं.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो चार्जमध्ये. एकाच्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात जाताना दोघांनी बघून, मोजून, बोलून घ्यायची, हा डेपोचा शिरस्ता. घरात तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला जाई. मी कंदील मागितला की आधी काच तडकलेली नाही हे मला मान्य करावं लागे. दुधाचं भांडं घेताना पोचा कुठे आहे ते दोघांनी मिळून बघायचं. मी शाळेला उशीर होतो म्हणून कुरकुर करी, तेव्हा ते एका जुन्या सोबत्याची गोष्ट सांगत. त्या बिचाऱ्याला एका सकाळी घरी जा म्हणाले आणि तो चार्ज न देताच गेला. पुढे कुठलेसे पट्टे कमी भरले आणि सगळ्या भिंगारमध्ये त्याचं नाव चोर पडलं. बाजारात लोक त्याच्यासमोर गल्ला झाकून घेत. एवढं सांगून ते भांड्याचा पोचा पुन्हा माझ्यापुढे धरत.

लढाई संपली. खेचरं गेली, मोटारी आल्या, आणि एके दिवशी हेडक्लार्कने हंगामी लोकांना ओळीत उभं करून कमी केल्याचं सांगितलं. बाकीचे शिव्या देत, रडत घरी गेले. आतोबा जागचे हलले नाहीत. माझा चार्ज कोण घेणार, एवढंच त्यांनी विचारलं. हेडक्लार्क म्हणाला, जागाच रद्द झाली, चार्ज कुणाला देणार? किल्ली टेबलावर ठेवा आणि चला.

"किल्ली म्हंजे चार्ज न्हाई," आतोबा म्हणाले. "उद्या एक लगाम कमी भरला तर चोर कोन, तुमी का मी?"

हेडक्लार्कने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. खोगीरांची कुणाला गरज उरली नव्हती, तेव्हा त्यानेही विषय सोडला. आतोबांनी सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून खाकी सदरा घालून, किल्ली कमरेला लावून ते घंटेच्या ठोक्याला डेपोवर हजर. पहारेकरी आत सोडेना म्हणून फाटकासमोरच्या लिंबाखाली बसायचे आणि सुट्टीची घंटा झाली की उठायचे. संध्याकाळी टांगेवाल्यांची शिलाई करून घर चालवायचे. जाणारे येणारे हसत. पगार नाही तर जाता कशाला, म्हणून आत्या रोज तोंडसुख घेई. "पगार बंद झालाय, जबाबदारी न्हाई," हे ठरलेलं उत्तर. मला तर शाळेतल्या बाया विचारायच्या, तुझ्या आतोबांना बढती मिळाली का गं, लिंबाखालून चिंचेखाली?

असं वर्षाच्या वर गेलं. मग गोऱ्या साहेबाची विलायतेला जायची वेळ झाली, आणि जाण्याआधी त्यालाही नव्या देशी साहेबाला सगळ्या डेपोचा चार्ज द्यायचा होता. खोगीरखान्याशी येऊन गाडं अडलं. हेडक्लार्क धावत लिंबाखाली आला. आतोबा म्हणाले, आत येऊन मोजून देईन, नुसती किल्ली मिळणार नाही. पोलिसांची भीती घातली, ते ढिम्म. कुलूप फोडतो म्हणाला, तर यांनी विचारलं की फोडल्यावर जे कमी भरेल ते कुणाच्या नावावर घालायचं? मग आतोबा उठून उभे राहिले.

"साहेबाला सांगा, त्यानं चार्ज न देता जाऊन दाखवावं. त्यो गेला तर मी बी जातो."

त्यांना आत घेतलं. दिवसभर एकेक खोगीर, एकेक पट्टा खाली उतरवून त्यांनी दाखवला. सगळं जिथल्या तिथे होतं. शेवटी देशी साहेबाने किल्ली घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, चार्ज मिळाला, तुमच्याकडे काही बाकी नाही.

घरी आले तेव्हा आत्याने विचारलं, काढलं का शेवटी? "काढलं न्हाई," ते म्हणाले. "चार्ज देऊन आलो." त्या रात्री ते पोटभर जेवले. पण सकाळी सवयीने सदरा घालून उंबऱ्याशी आले आणि कमरेला हात लावून तसेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. आत्याने नुसता चहा पुढे केला, आणि त्यांनी तो कपाचा कानही न तपासता घेतला.

पुढे मी कायम झाले, मुख्याध्यापिका झाले, निवृत्त झाले. हार मिळाला, नारळ मिळाला, भाषणं झाली. इतक्या वर्षांत माझ्या ताब्यात केवढ्या मुली येऊन गेल्या, कुणाचं काय जपलं, काय हरवलं, ते मला कुणाला तरी एकेक करून दाखवायचं होतं. मी व्यासपीठावर हार हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिले. चार्ज घ्यायला कुणी आलं नाही.