संबंध नसल्याचा कागद

बाबा हिंगणीच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले आणि चार वर्षांत आई गेली. मोठा भाऊ विलायतेत डॉक्टर, मी लग्न होऊन वर्ध्यात. दर रविवारी सकाळच्या एसटीनं मी हिंगणीला जायची, घर आवरायची, धुणं करायची, बाबांना दोन दिवस पुरेल असं रांधून ठेवायची. त्यांना टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर माझ्याकडे आणून ठेवलं होतं. याचं कुणी कौतुक करावं असं मला कधी वाटलं नाही. पण हे सगळं घडलंच नाही, असं कुणी माझ्याकडून लिहून घेईल असंही वाटलं नव्हतं.

ऐंशी सालानंतर एकदा दादा सुट्टीवर आला, तो बाबांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवूनच. बाबाही खूश होते. तिकडची नातवंडं त्यांनी फक्त फोटोत पाहिली होती. पासष्टी उलटलेल्या बापाला मुलाजवळ राहायचा व्हिसा मिळे, पण अट अशी की त्याला स्वतःच्या देशात बघणारं जवळचं कुणी नसावं.

दादा स्टँपपेपर टाइप करूनच माझ्या घरी आला. ‘लग्नानंतर माझा माहेराशी संबंध राहिलेला नाही. वडिलांची देखभाल मी करत नाही व पुढेही करू शकणार नाही.’

“दादा, हे खोटं हाये.”

“कागदापुरतं हाये, बाई. तसंही तू दिल्या घरची. आन् बाबाले सांगू नको.”

माझ्या अंगाची आग झाली. मुलगी म्हणून मला घरात कधी मोजलं नाही, आणि तिकडच्या सरकारनं मोजलं तर हा मला खोडून टाकायला आला होता. तरी मी सही केली. माझ्यापायी बाबांचं जाणं अडलं, असं कुणी म्हणायला नको होतं.

दादा परत गेला. जाताना बजावून गेला, की व्हिसाच्या मुलाखतीला बाबांबरोबर तू जाऊ नको. पण बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. मुंबईला त्यांना एकटं कसं पाठवू? मीच घेऊन गेले.

मुलाखतीच्या खोलीत गोरा साहेब होता, शेजारी दुभाषी बाई. बाबांना कमी दिसतं म्हणून मला आत बसू दिलं. तुमच्याबरोबर कोण आलंय, असं तिनं विचारलं.

“माही लेक,” बाबा म्हणाले.

बाईनं कागदाकडे पाहिलं. “तुमची मुलगी तुमच्याशी संबंध ठेवत नाही, असं तिनं लिहून दिलंय.”

“कोनं लिहिलं? खोटं हाये ते. हे नसती तर मी टायफॉइडनं मेलो असतो.”

बाईनं ते इंग्रजीत सांगितलं. साहेब माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या लेखी मी एक लबाड बाई होते. मी मान वर करू शकले नाही.

परतीच्या गाडीत भुसावळ आल्यावर बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “सही काऊन केली तू?”

“दादानं सांगितलं.”

“पाटीवर तुले नाव लिहायले म्या शिकवलं. ते यासाठी?”

मला रडू फुटलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “जायचं होतं वं मले. पण तुले पुसून टाकून नाई.”

दोन महिन्यांनी नकार आला. पाठोपाठ दादाचं पत्र: तू सोबत गेलीस म्हणून सगळं फिसकटलं. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा उलट लिहिलं. लेक बापाला सांभाळते हा गुन्हा धरणारा नियम तुमच्या साहेबांचा, आणि ती लेक लपवायची अक्कल तुझी. माझी चूक एकच, मी सही केली.

बाबा माझ्याकडे राहायला आले. जावयाच्या घरी सासरा राहतो म्हणून गल्लीत कुजबुज झाली. सासूबाईंनी दाराशी उभं राहून सुनावलं, “सून चालते, मंग तिचा बाप काऊन नाई चालत?” बाबा शेवटची सहा वर्षं आमच्याकडेच राहिले. नातवंडांची पत्रं आली की ती मला मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि उत्तर मात्र स्वतः लिहायचे, एका डोळ्यानं, ओळी वाकड्या होईपर्यंत.