साडूंची बोटं आणि चित्रकथांचा संच

देवाने जग निर्माण केलं तेव्हा आमचे साडू तिथे हजर असते, तर निम्मं जग त्यांनी 'ओलावा जास्त आहे' म्हणून परत पाठवलं असतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्याचे, आणि उभी हयात त्यांनी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. गाडीतला चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरायचा, हलकेच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं, मुठीत आवळून ओल जोखायची आणि निकाल द्यायचा. ते निवृत्त झाले, पण त्यांच्या बोटांना हे कोणी कळवलंच नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचा माल असतो, एक लांब धाग्याचा आणि दुसरा फरदड, म्हणजे हंगाम उलटल्यावर त्याच झाडांवर आलेला उरलासुरला हलका कापूस. पुढारी, बिस्किटं, सोफे आणि नातेवाईक, सगळ्यांची वर्गवारी याच दोन खणांत झालेली आहे. मी कुठल्या खणात आहे हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

एकदा गादीच्या दुकानात त्यांनी कोपऱ्याची शिवण उसवून आतला कापूस ओढून पाहिला आणि भर गिऱ्हाइकांत "फरदड" असा निकाल दिला. दुकानदार भांडायला उठला होता, पण साडूंनी दोन मिनिटं धाग्याबद्दल त्याची शिकवणी घेतली आणि शेवटी त्यानेच चहा मागवला. माझ्या पुतणीला पाहायला आलेल्या मुलाचा हात त्यांनी हस्तांदोलनाच्या निमित्ताने इतका वेळ धरून ठेवला, की तो बिचारा घामाघूम झाला. पाहुणे गेल्यावर साडू म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पन ओलावा लय आहे." लग्न झालं आणि सुखाचं झालं. साडू म्हणतात, वाळला असेल. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय मोठी खरेदी करायची नाही, हा माझ्या सासरचा अलिखित कायदा आहे, आणि अमरावतीत राहून मीही तो इमानाने पाळत आलो.

म्हणून तर माझी पंचाईत झाली. माझ्या लहानपणी मुलांच्या एका पाक्षिकात एक चित्रकथा क्रमशः यायची. नायक विहिरीत दोराला लोंबकळतोय, वरून कोणीतरी दोर कापतोय, अशा नाजूक क्षणी ते पाक्षिकच बंद पडलं. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आता नातू मांडीवर आहे, पण तो गडी माझ्या डोक्यात अजून लोंबकळतोच आहे. आणि मध्यंतरी एक दिवस मोबाइलवर जाहिरात दिसली! पुण्याची काही तरुण मंडळी ती सगळी चित्रकथा, न छापल्या गेलेल्या शेवटासकट, चार जाडजूड खंडांत काढणार होती. अट एवढीच, की पुरेशा लोकांनी आधी पैसे भरले तरच छपाई, आणि मुदत रविवारपर्यंत. किंमत ऐकून बायकोने हातातली परात खाली ठेवली. तेवढ्यात वॉशिंग मशीन आलं असतं. "भाऊजीले इचारा," ती म्हणाली, "मंग काय ते करा."

मी फोन लावला. साडूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे कापसाची पऱ्हाटी अजून शेतात उगवली नाही, अन् तुमी गाठीचे पैसे देऊन राहिले?"

"तसं नाही हो, साडूभाऊ. ही लोकवर्गणी समजा."

"वर्गणी आहे काय? मंग त मंडपात जाऊन खांब हालवून पाहाचा आपला हक्क असते. नंबर द्या."

नंबर दिला आणि पस्तावलो. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांनी प्रकाशनात फोन उचलणाऱ्या मुलीला फोन केले. चित्रांबद्दल चकार शब्द नाही. शिलाई आहे की नुसता गोंद, दोरा सुती की नायलॉनचा, कागदात दमटपणा किती, पावसाळ्यात गोदामात कुठे ठेवणार! त्या पोरीला प्रश्न संपवायचा एकच उपाय सुचला. तिने शिवलेल्या सोळा पानांचा नमुना कुरिअरने माझ्या पत्त्यावर पाठवून दिला. तो शनिवारी संध्याकाळी पोचला आणि रविवारी सकाळी जवळच्या बडनेरा स्टेशनवरून गाडी पकडून मी अकोल्याला हजर झालो. मुदत रात्री संपणार होती.

साडू उत्तरेच्या खिडकीशी बसले. कापूस पाहायला तोच उजेड खरा, असं त्यांचं म्हणणं. पान अंगठा आणि तर्जनीत धरलं, डोळे मिटले. दोऱ्याचं टोक ओढलं. पुन्हा पान चोळलं, पुन्हा ओढलं. एरवी अर्ध्या मिनिटात निकाल देणारा माणूस पाच मिनिटं तेच करत राहिला. मला वाटलं, झालं, गेला आपला संच.

त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साडूभाऊ, मले काहीच लागून नाही राहिलं."

"म्हणजे?"

"शुगरनं बोटं बधिर झाली. सहा महिने झाले. घरात सांगतलं नाही."

मी विचारलं, "मग मागच्या महिन्यात आमची सतरंजी कशी पास केली?"

"तुमच्या तोंडाकडं पाहून. तुमाले घ्याचीच होती ना."

मला हसू आलं. त्यांनी नमुना माझ्या हातात दिला, माझी बोटं धरून पानावर ठेवली आणि म्हणाले, "आता तुमी सांगा. दाबून नाही, अल्लद. दमट लागते काय?"

"नाही. कोरडं आहे."

"दोरा ओढा. तुटते?"

"नाही. चिवट आहे."

"पानाले खरखर?"

"थोडी. चांगली वाटते हाताला."

ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "लांब धागा आहे. भरून टाका पैसे." आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा आवाजात पुन्हा एकदा म्हणाले, "पास केला म्या!" मी तिथेच बसून पैसे भरले.

संच अजून छपाईत आहे आणि त्या पोरीला दर सोमवारी अकोल्याचा फोन जातो. दरम्यान घराण्यात कोणी काही घ्यायला निघालं, की साडूंचा मला निरोप येतो आणि मी काहीतरी कारण काढून अकोल्याला जातो. बायकोला वाटतं, म्हातारपणी आम्हा साडू-साडूंचं प्रेम उतू चाललंय. दुकानात ते माल हातात घेतात, डोळे मिटतात. मी शेजारी उभा राहून तोच माल चाचपतो आणि जे लागेल ते त्यांच्या कानाशी हळूच सांगतो. निकाल मात्र तेच देतात.