मेंदूच्या दवाखान्यातली नवी माणसं

चिंचवडच्या आमच्या न्यूरोलॉजी क्लिनिकच्या रिसेप्शनवर मी अकरा वर्षं बसतेय. इथले किस्से मी मुद्दाम लक्षात ठेवत नाही, पण एक सांगायला घेतला की मागून चार येतात. त्यात यंदा दोन नवी माणसं आली, नवं मशीन आलं, वर डॉक्टर मॅडमनी रिसर्चही सुरू केला. मग काय!

*

नवं मशीन ईईजीचं. डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढतं. ते चालवायला लातूरचा बालाजी आला. पहिल्याच आठवड्यात चाकणकडच्या एक आजी आल्या. वायरी मुकाट लावून घेतल्या, मग हळूच म्हणाल्या, "यात माज्या मनातलं दिसतंय व्हय?"

"नाही आजी, काहीच दिसत नाही."

"मग कर चालू. सून भाईरच बसलीया!"

*

गणेश एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. फिट येते, हे त्यानं सगळ्यांपासून लपवलेलं. मॅडमनी मशीनवरचं काम बंद करायला सांगितलं, तर हात जोडायला लागला. "मॅडम, कंपनीत कळलं तर काढून टाकतील. लग्न ठरलंय माझं."

"मुलीला सांगितलंस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"फिट लपवता येते, गणेश. तुटलेला हात नाही लपवता येत."

बाहेर बाकावर तो तासभर बसून होता. मग उठून गेटपाशी गेला आणि त्यानं फोन लावला.

पुढच्या व्हिजिटला तो स्टोअरमध्ये बदली घेऊन आला होता. सोबत ती मुलगी. तिनं थेट मलाच विचारलं, "फिट आली तर काय करायचं, ते मला सांगा. याला विचारून उपयोग नाही, तेव्हा हा शुद्धीत नसतो!"

*

दुसरी नवी तन्वी, स्पीच थेरपिस्ट. तिच्याकडे रावेतचे तात्या यायचे. पक्षाघातानं वाचा गेलेली. तीन आठवडे तन्वी चित्रं दाखवत होती. घर, गाय, पाणी. तात्यांच्या तोंडून शब्द नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज दाराबाहेर कान देऊन बसायच्या.

एक दिवस तन्वीच्या हातून गार पाण्याचा ग्लास तात्यांच्या मांडीवर सांडला. आणि तात्यांनी अशी खणखणीत शिवी हासडली की वेटिंगमधले पेशंट उठून उभे राहिले!

तन्वी लालेलाल. काकू मात्र डोळ्यांना पदर लावून आत धावल्या. "बोललं गं बाई माझं माणूस! अजून सांड पाणी!"

*

मॅडमचा रिसर्च विसरभोळेपणावर. त्यात देहूरोडचे एक निवृत्त काका होते, काकूंचा हात धरून यायचे. दर वेळी मॅडमनी तीन शब्द सांगायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे, अशी चाचणी. पहिल्या खेपेला काकांना एकही आठवला नाही.

दुसऱ्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "काका, आता मी तीन शब्द सांगणार आहे."

"नदी, पेरू, चाक!" काका ताठ बसून म्हणाले. मागच्या खेपेचे तीनही शब्द!

मॅडमनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. "रोज सकाळी यांचा अभ्यास घेत होते हो. परीक्षा म्हटल्यावर घ्यायला नको?"

मॅडमनी कागद उलटला. त्यांनी नवे शब्द सांगितले. पाच मिनिटं झाली. काका छताकडे बघत राहिले, मग काकूंकडे वळले.

"नापास झालो का गं?"

"तुम्ही कसले नापास होताय?" काकूंनी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. "पेपरच बदलला यांनी!"