गुलबक्षी

लेकीच्या लग्नात नेसायला साडी घ्यायची म्हणून नलूमावशी मला दुकानात घेऊन गेली. काका गेल्यापासून ती फिकट रंगच नेसायची.

विक्रेत्याने एक झळझळीत साडी उलगडली. "राणी कलर आहे."

"आम्ही याला गुलबक्षी म्हणायचो," म्हणत मावशीने पदरावर हात ठेवला.

"नवरीला ना?"

"नाही, मलाच."

त्याने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि राखाडी, मोतिया साड्यांचा गठ्ठा पुढे ओढला. त्यात उद्धटपणा नव्हता, अदबच होती. तीच मला जास्त लागली. राणी, गुलबक्षी, डाळिंबी... किती लाडाची नावं दिली आपण या रंगाला! पण बाईला तो मिळतो नवऱ्याच्या आयुष्यापुरताच.

मावशीने हात उचलला नाही. "हीच द्या," ती म्हणाली.

लग्नात ती तीच साडी नेसली. तिला पाहून विहीणबाई बोलता बोलता थांबल्या. मावशी अक्षता वाटत पुढे गेली. भर उकाड्यात, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून.