उघडता येईल असा कॉम्प्युटर

मंडी मोहल्ल्यातल्या दुकानात मी नामांकित कंपनीचा लॅपटॉप घ्यायला गेलो होतो. शेजारी पन्नाशीच्या एक बाई कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडत होत्या. या कानडी शहरात माझं फोनवरचं मराठी ऐकून त्या हसल्या. सरगूर गावच्या शाळेत शिकवते, मराठीतच म्हणाल्या.

दुकानदार त्यांना कन्नडमधून लॅपटॉपच घ्या म्हणून समजावत होता. त्या माझ्याकडे वळल्या. "शाळेतला मागचा तसलाच होता. बंद पडला, तर दुरुस्तीवाला म्हणे हा उघडता येत नाही, नवाच घ्या. आता उघडता येईल असाच घेणार."

त्यांनी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या आणि काउंटरवरच जोडणी सुरू केली. सगळं झाल्यावर बटण दाबलं, पण पडदा काळाच राहिला. दुकानदाराने हात पुढे केला.

"इरली, राहू दे. मी बघते."

एकेक भाग तपासत त्या मेमरीच्या पट्टीपाशी थांबल्या. अंगठ्याने दाबताच ती खट्कन बसली आणि पडदा उजळला. मी नकळत टाळी वाजवली. त्यांनी मात्र सगळे भाग पुन्हा सुटे करून खोक्यांत भरायला घेतले.

"अहो, चालू झाला होता ना?"

"मला जमतंय का ते बघितलं. उद्या वर्गातल्या मुली जोडतील."

मी ठरवलेला लॅपटॉप घेतलाच. पण घरी पोचेपर्यंत मला त्या मुलींचा हेवा वाटत राहिला.