दुधीसाठी पाडलेलं भोक

चेंदणी कोळीवाड्यातल्या दामाजीनं सांधलेलं जाळं त्या जागी पुन्हा फाटत नाही, हे अख्ख्या खाडीला ठाऊक होतं. खाडीतली मासळी सरली तसा तो शाळांच्या क्रिकेटची जाळी विणू लागला. गाठ मात्र तीच. दुसऱ्याची ढिली गाठ दिसली तरी त्याच्या दाताखाली खडा यायचा.

नव्व्याण्णव साली घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमधून प्रभाकर नावाचे गृहस्थ आले. जाहिरात कंपनी सोडून कलावंत झालेले. त्यांना दामाजीच्या परसातलं फाटकं जाळं हवं होतं.

"साहेब, चांगलं देतो की."

"नको, हेच. किती बोलतंय हे!"

दामाजीनं कान देऊन पाहिलं. जाळं गप्प होतं.

महिन्याभरानं प्रदर्शन ठरलं. जाळं टांगायला दामाजीलाच बोलावणं आलं, कारण उलगडताना प्रभाकर स्वतःच त्यात अडकले होते. दामाजीनं ते भिंतीवर ताणून चढवलं. प्रभाकर जेवायला गेले. जाळ्याच्या मधोमध माणूस जाईल एवढं भगदाड, आणि खाली पुठ्ठ्यावर छापलेलं : 'जाळे : दामाजी, चेंदणी.'

उद्या सगळं ठाणं हे बघणार, खाली त्याचं नाव वाचणार. सुई-दोरा खिशात होताच. चार तास तो उभा होता, पाण्याचा घोट न घेता. जाळ्याची एकशे बारा घरं भरली. प्रभाकर जेवून, झोपून परतले तेव्हा तो शेवटची गाठ ओढत होता.

"भोक कुठाय?"

"बुजवलं."

"अहो, तीच तर कलाकृती होती!"

प्रभाकरांनी त्याला तडक स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत नेलं. तो चालवणाऱ्या उत्तरा नावाच्या मुलीनंच त्यांची वेबसाइट बनवली होती. "नीट बघा दामाजी, आणि तस्संच परत पाडा."

पडद्यावर फोटो वरून खाली उतरू लागला. इंचभर यायचा, थांबायचा.

"एवढ्यात मी चार ओळी विणल्या असत्या," दामाजी म्हणाला.

"काका, लाइन हळू आहे," उत्तरा हसली.

भगदाड आलं. त्याखाली लोकांचे अभिप्राय. प्रभाकर वाचून दाखवू लागले. कॅनडातल्या एका बाईंना त्या पोकळीत स्वतःचं बालपण दिसलं होतं. पुण्याच्या एका प्राध्यापकांना समुद्राचा क्रोध.

"समुद्र कुठला, साहेब? भोक माझ्या बायकोनं, मनूनं पाडलंय. कोयत्यानं. दुधीचा वेल वर काढायला."

उत्तरानं तोंडावर रुमाल धरला. प्रभाकरांचे मात्र डोळे चमकले. "दुधी! व्वा!"

दामाजीची नजर फोटोखाली गेली. तिथंही त्याचं नाव होतं.

"जाळं तुमचं, साहेब. फाडा, जाळा. पण ते नाव माझं. पुसा आधी."

"वेडे का तुम्ही? अकरा देशांत गेलंय नाव!"

"म्हणूनच. पुठ्ठ्यावरचंही काढा. मी सांधलेलं मी फाडणार नाय. ज्यानं पाडलं त्याचं नाव घाला."

प्रभाकरांनी घड्याळ पाहिलं. उद्या उद्घाटन. त्यांनी मान डोलावली. उत्तरानं 'दामाजी' पुसून 'मनुबाई' लिहिलं.

रविवारी सकाळी मनुबाई कोयता घेऊन आली. प्रभाकर फोटोची छापील प्रत नाचवत मागं उभे. "इथून जरा तिरकं घ्या. थोडी वेदना येऊ दे."

"बाजूला सरा, दादा. बोट जाईल."

दामाजी बाहेर पायरीवर बसला. आतून कोयत्याचे आवाज येत होते, आणि ते थांबत नव्हते. दुधीसाठी तिला पाच मिनिटं लागली होती. आज पाऊण तास झाला. घाम पुसत ती बाहेर आली.

"काय रं गाठी मारल्यास! कोयत्याची धार गेली."

दामाजी पहिल्यांदा हसला. कापून पडलेला तुकडा त्यानं मागून घेतला. गाठी चाचपल्या. एकही सुटली नव्हती.

संध्याकाळी हार, पेढे, भाषणं झाली. नवं भगदाड जुन्यापेक्षा प्रामाणिक आहे, असं एक पाहुणे म्हणाले. तेव्हा दामाजी घरी होता. अंगणात सुकट वाळत होती आणि तिच्यावर तो तुकडा ताणून बांधलेला होता. कावळा आला, चोच घालून पाहिली, दुसऱ्या बाजूनं पाहिली, आणि उडून गेला.